रुंद फीत कुणाची

ठरलं होतं ते सरळ होतं. लांब ते थोरल्याचं, आखूड ते धाकट्याचं. इतकी सोपी वाटणी कुठल्याच घरात झाली नसेल असं जो तो म्हणत होता, आणि म्हणूनच दंतवैद्याला धास्ती वाटत होती. या घरात सोप्या गोष्टी कशा पार पडतात ते लग्न झाल्यापासून तो बघत आला होता. साधा पंखा कुठल्या भिंतीला लावायचा यावरून त्याचे दोघे मेहुणे अख्खा उन्हाळा घाम पुसत भांडले होते, आणि पंखा खोक्यातच राहिला होता.

त्यात त्याची उजवीकडची दाढ ठणकत होती. दुसऱ्यांच्या तोंडात डोकावून पोट भरणाऱ्या माणसाने स्वतःची दाढ अंगावर काढावी, ही गोष्ट त्याने बायकोपासूनसुद्धा लपवली होती.

"अहो, तोंड असं का केलंय?" कारखान्याच्या दाराशी त्याच्या बायकोने, म्हणजे या घरच्या ताईने, विचारलं.

"कसं?"

"कुणाचा तरी भलताच दात काढल्यासारखं."

"पंच म्हणून बोलावलंय ना मला. जरा गंभीर नको दिसायला?"

"पंच म्हणून बोलावलंय, कारण तुम्हाला पास्त्यातलं ओ की ठो कळत नाही. गंभीर बिंभीर काही नाही. मान डोलवायची आणि जेवून निघायचं."

ते खरंच होतं. ज्याला काही कळत नाही तो पक्षपात करणार नाही, असा थोरल्याचा हिशोब होता. ज्याला काही कळत नाही त्याला सहज गुंडाळता येतं, असा धाकट्याचा.

रविवार असल्यामुळे पुढचं दुकान बंद होतं. मागच्या कारखान्यात पिठाची परात धुऊन पालथी घातलेली होती आणि पास्त्याचं यंत्र, ते जुनं, धिप्पाड, लोखंडी धूड, जेवून सुस्तावलेल्या म्हाताऱ्यासारखं कोपऱ्यात गप्प बसलं होतं. वाळवणीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत काठ्यांवर कालची स्पॅगेटी लोंबत होती. मधल्या मोठ्या टेबलावर पांढरी चादर अंथरून त्यावर पितळी चकत्या मांडल्या होत्या. प्रत्येक चकती बशीएवढी, आणि प्रत्येकीची भोकं निराळी. पीठ त्या भोकांतून दाबलं गेलं की पलीकडे ज्याचा त्याचा आकार घेऊन बाहेर यायचं. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, या चकत्या आयुष्यभर एकेक करून जमवल्या होत्या. अप्पा गेल्या वर्षी गेले, आणि चकत्या राहिल्या. आता धाकटा वेगळं दुकान काढत होता, म्हणून त्यांची वाटणी.

दुकानाच्या पाटीवर नावं मोठी रुबाबदार होती, पण घरात ती कुणी घेत नसे. स्पॅगेटीला घरात दोरी म्हणत. लिंग्विनी म्हणजे चपटी दोरी, आणि सगळ्यात बारीक, हातातून निसटणारं ते रेशीम. पेने म्हणजे नळी, रिगातोनी म्हणजे जाडी नळी, फुसिली म्हणजे मळसूत्र, आणि शिंपल्याच्या आकाराचा तो शिंपला. दंतवैद्याने लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला आल्यावर "मला थोडं रेशीम वाढा" हे वाक्य ऐकलं होतं आणि आपण कुठल्या घरात मुलगी दिल्यासारखे दिले गेलो आहोत, असं त्याला वाटलं होतं.

टेबलाच्या डोक्याशी खुर्चीत आई बसली होती. एका बाजूला थोरला आणि वहिनी, दुसऱ्या बाजूला धाकटा आणि त्याची बायको. तिला सगळे धाकटीच म्हणत. ती लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायची आणि रविवारीसुद्धा तिच्या खिशात पाना असायचा.

"करा सुरू, जावईबापू," थोरला म्हणाला. तो असा उभा होता, जणू फोटो काढायला कुणीतरी येणार आहे.

दंतवैद्याने पहिली चकती उचलली. "दोरी."

"लांब," धाकटा म्हणाला. "दादाची."

"नळी."

"आखूड," थोरला म्हणाला. "भाऊची."

चपटी दोरी थोरल्याकडे गेली, जाडी नळी धाकट्याकडे. रेशीम इकडे, शिंपला तिकडे. दंतवैद्याला वाटू लागलं, की आपण उगाच घाबरलो. भाऊ शेवटी भाऊ असतात. मग त्याने पुढची चकती उचलली. तिला भोकं नव्हतीच, नुसत्या लांब रुंद फटी होत्या.

"ही रुंद फीत," आई म्हणाली.

आणि इथे दंतवैद्याने, केवळ काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "ही कशाबरोबर खातात?"

बाळ बघायला गेलेला माणूस 'कुणावर गेलंय हो?' असं विचारतो, त्यातलाच हा प्रश्न होता. आणि तो प्रश्न एखाद्या घरात जसा महागात पडतो, तसाच हाही पडला.

"खिम्याच्या सॉसबरोबर," धाकटा सहज बोलून गेला. मग थांबला. स्वतःच्याच तोंडून निघालेलं त्याने एकदा मनात घोळवलं आणि त्याचे डोळे चमकले. "दादा, खिम्याच्या सॉसबरोबर! जड सॉसला रुंद बूड लागतं, अप्पाच सांगायचे. नाहीतर खिमा ताटात खाली राहतो आणि पास्ता वरून निघून जातो. आणि या घरात खिम्याचा सॉस कोण करतं?"

"तू करतोस. म्हणून काय झालं? फीत लांब आहे. लांब ते माझं."

"तुझ्याकडे त्या फितीवर घालायला आहे काय? लसूण आणि तेल!"

"लसूण-तेलात काय वाईट आहे?"

"दोरीवर काहीच वाईट नाही. दोरीवर ते मी स्वतः चाटूनपुसून खातो. पण फितीवर? बैलगाडीला सायकलची घंटा लावल्यासारखं होईल ते."

थोरल्याने चष्मा काढला. तो चष्मा काढतो तेव्हा वहिनी जवळची भांडी उचलून लांब ठेवते, हे दंतवैद्याला ठाऊक होतं. तिने आत्ताही पाण्याचा तांब्या सरकवला.

"बरं," थोरला अगदी हळू म्हणाला. "सॉसवरून ठरवायचं ना? मग मळसूत्र माझं. बेसिलची हिरवी चटणी मी करतो, आणि हिरवी चटणी मळसूत्राच्या पिळातच बसते. नळीत घातली तर आत शिरून लपून बसते, दोरीवर घातली तर गोळा होते. द्या इकडे मळसूत्र."

"मळसूत्र आखूड आहे!"

"आणि फीत लांब आहे!"

"म्हणजे तुला दोन्हीकडून हवंय!"

"तुलाही!"

"शिंपल्याचं काय मग?" वहिनी मधेच म्हणाली. "शिंपल्यात मटार आणि चीज घालतात. एकेक मटार शिंपल्याच्या मांडीत जाऊन बसतो. ते तर मी करते. मग शिंपला माझा का?"

दोघे भाऊ तिच्याकडे असे बघू लागले, जसं काही यंत्रच बोललं होतं.

"तू मधे नको," थोरला म्हणाला.

"बरं," वहिनी म्हणाली. पण ती धाकटीकडे बघून म्हणाली, आणि धाकटीने खिशातल्या पान्यावर बोटं वाजवली. दंतवैद्याला ते जरा विचित्र वाटलं, कारण दोघी जावा पंख्याच्या प्रकरणापासून एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या.

आईने टेबलावर तळहात आपटला. "नुसत्या तोंडाने पास्ता शिजत नाही. गॅस पेटवा. फीत दोघांनी करायची आणि मळसूत्रही दोघांनी, आपापल्या सॉसमध्ये. ज्याचं जमेल त्याची चकती. जावई सांगतील."

"मी?" दंतवैद्याची दाढ आपोआप ठणकली.

"तुम्हीच. तुम्हाला चांगलं-वाईट कळतं, उगाच का मुलगी दिली?"

*

स्वयंपाकघर कारखान्याला लागूनच होतं, आणि एका वेळी एकच माणूस त्यात सुखाने राहू शकला असता. थोरला लसणाच्या पाकळ्या इतक्या पातळ कापत होता, की त्यांच्यातून पेपर वाचता आला असता. धाकट्याने पिशवीतून एक मोठं पातेलं काढून शेगडीवर ठेवलं. झाकण उघडताच खिम्याचा, गाजराचा आणि तासन्‌तास आटलेल्या टोमॅटोचा वास सगळीकडे पसरला.

"हे काय?" थोरल्याची सुरी थांबली. "तू घरून पातेलं घेऊन आलास? वाटणीला?"

"वाटणीनंतर जेवायचं नव्हतं का?"

"म्हणजे तुझं आधीच ठरलं होतं!"

"दादा, खिमा आहे तो, कटकारस्थान नाही. जावईबापू, जरा मीठ आणा बघू. कारखान्याच्या मागच्या पायरीशी पोतं आहे."

मागच्या पायरीवर दोघी जावा बसल्या होत्या. नुसत्या बसल्या नव्हत्या, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, आणि वहिनी हसत होती. दंतवैद्याला आठवेना, वहिनीला असं दात दिसेपर्यंत हसताना आपण याआधी कधी पाहिलं. धंदाच असा असल्यामुळे त्याचं आधी दातांकडे लक्ष गेलं. चांगले होते.

त्याला बघताच दोघी गप्प झाल्या.

"काय हवंय?" दोघींनी एकाच वेळी विचारलं.

"मीठ."

"घ्या की मग. उभे काय राहिलात?"

परत येऊन त्याने ताईला कोपऱ्यात गाठलं. "तुझ्या दोन्ही वहिन्या मागे बसून हसतायत."

ताई बशा पुसत होती. तिचा हात थांबला. "दोघी? एकत्र?"

"एकत्र."

"मग संपलं," ताई म्हणाली. "जावा हसायला लागल्या की समजावं, भावांचं काहीतरी ठरलं. त्यांना फक्त कळायचं बाकी आहे."

*

पहिली बशी थोरल्याची आली. रुंद फीत, लसूण आणि तेल, वर चिमूटभर तिखट. दिसायला देखणी होती, पण दंतवैद्याने काटा घातला आणि सगळ्या फिती एकदमच उचलल्या गेल्या. तेलात न्हालेल्या त्या फिती धुण्यातल्या ओल्या टॉवेलांसारख्या एकमेकींना बिलगल्या होत्या. एक सुटी करायला जावं तर ती निसटायची आणि हनुवटीवर चापट मारून बशीत पडायची. लसूण तळाशी जाऊन निवांत बसला होता.

"कसं आहे?" थोरल्याने विचारलं.

"लसूण छान आहे," दंतवैद्य म्हणाला.

"फीत?"

"तीही छान आहे. दोघांचं अजून बोलणं झालेलं दिसत नाही."

मग धाकट्याची बशी. खिमा फितीवर पसरला होता, आणि प्रत्येक फीत त्याला रुंद हाताने कवेत घेऊन वर यायची. पितळी चकतीतून निघालेल्या पास्त्याचं अंग जरासं खरखरीत असतं, तो खरखरीतपणा सॉस धरून ठेवतो, असं ताई त्याला कितीदा तरी सांगत आली होती. त्याला ते आत्ता कळलं. आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते सगळ्यांनाच कळलं.

"बोला," आई म्हणाली.

"दोन्हींना आपापली अशी एक…"

"गोल गोल नको. दात काढताना असंच बोलता का?"

"फीत भाऊंची," दंतवैद्याने एका दमात सांगून टाकलं.

धाकट्याने आनंदाने टेबल बडवलं. थोरल्याने स्वतःची बशी बाजूला सारली, धाकट्याच्या पातेल्यातून स्वतःला वाढून घेतलं आणि भिंतीकडे बघत खाल्लं. मग पुन्हा वाढून घेतलं.

"खारट आहे," तो म्हणाला.

"म्हणून दुसऱ्यांदा घेतलास?"

"खात्री करायला."

आता मळसूत्राची पाळी होती. धाकट्याच्या खिम्यात ते वाईट लागलं नाही, पण खिमा एकीकडे आणि मळसूत्र एकीकडे असं वाटलं, रेल्वेच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी लोकांसारखं. थोरला मात्र आतून आपली बशी घेऊन आला तेव्हा त्याच्या चालण्यातच फरक होता. मळसूत्राच्या प्रत्येक पिळात हिरवी चटणी ठासून भरली होती. एक थेंब बशीत सांडला नव्हता.

"वेळेआधी पाण्यातून काढलंय," तो अभिमानाने म्हणाला. "पास्ता दाताला लागला पाहिजे. अप्पांचं वाक्य आहे. लगदा खायचा असेल तर माणसाने आजारी पडावं."

दंतवैद्याने एक मळसूत्र काट्याला टोचलं आणि उजवीकडे चावलं. डावीकडे चावायचं असं त्याने सकाळपासून मनाशी ठरवलं होतं, पण चटणीच्या वासाने तो ते विसरला.

कट्‌ असा आवाज आला. स्वच्छ, कोरडा आवाज. टेबलावरच्या सगळ्यांनी तो ऐकला.

"बघा," थोरला खूश होऊन म्हणाला. "याला म्हणतात दाताला लागणं."

दंतवैद्याने गाल धरला. मग रुमालात काहीतरी काढून त्याने ते पाहिलं. आयुष्यात त्याने असे तुकडे हजारो लोकांना दाखवले होते आणि 'काही नाही, होतं असं' म्हटलं होतं. आता त्याला कुणीतरी तसं म्हणावं असं फार वाटलं.

"दादा!" धाकटा ओरडला. "दाढ मोडली त्यांची! तू दंतवैद्याची दाढ मोडलीस!"

"कच्चं नव्हतं ते!"

"दगड होता!"

"मी स्वतः चाखून काढलंय!"

"तुझे दात कुठे खरे आहेत?"

"भांडू नका रे," ताई म्हणाली. तिने नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे वळवलं. धाकटीने लगेच खिशातून टॉर्च काढून धरला. दोघींनी आत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अहो," ताईचा आवाज बदलला. "ही आतून पार पोखरलेली आहे."

"आं," दंतवैद्य म्हणाला.

"किती दिवसांपासून?"

"आं."

"रोज सकाळी पोरासोरांना दात घासायचं व्याख्यान देता आणि स्वतः… दादा, तुझा पास्ता सुटला यातून. ही दाढ लोण्यानेसुद्धा मोडली असती."

थोरल्याने सुटकेचा श्वास सोडला. पण पंचाची अवस्था बघून त्यालाही लाज वाटली असावी, कारण तो म्हणाला, "मळसूत्र नंतर ठरवू. आधी त्यांच्या पोटात काहीतरी जाऊ द्या. चावावं लागणार नाही असं."

"मोती," धाकटा म्हणाला.

"मोतीच," थोरला म्हणाला. "पातळ सुपात."

मोती म्हणजे मोहरीहून थोडा मोठा पास्ता. सूप सोडून दुसऱ्या कशातही तो नुसता भिकाऱ्यासारखा दिसायचा. त्याची चकती टेबलाच्या कडेला पडून होती आणि वाटणीत तिचं नावही निघालं नव्हतं. दोघे भाऊ आत गेले. दंतवैद्य गालाला थंड पाण्याची पट्टी लावून बाहेर बसला आणि आतले आवाज ऐकत राहिला. ते भांडत होते, पण निराळं भांडत होते. गाजर किसायचं की कापायचं, मीठ आधी की मागून. मधे एकदा "चाखून बघ" असं ऐकू आलं, मग "थोडं लिंबू?", मग नुसता पळीचा आवाज.

वाडगा आला. सूप स्वच्छ होतं, आणि तळाशी मोती आपसूक जमले होते. ते चावावे लागत नव्हते. जिभेने टाळूशी नुसते दाबले तरी विरघळायचे. दंतवैद्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं दुखतंय म्हणून. तसं अर्धं ते दुखण्याचंच होतं.

"मोती कुणाचा मग?" आईने विचारलं.

"त्याला देऊन टाक," थोरला म्हणाला.

"नको, दादाला दे. सूप त्यानेच गाळलं."

"गाजर तुझं होतं."

"मी नवीन दुकानात सूप ठेवणार नाही."

"ठेव की! ठेवायला काय जातं? चांगलं देतोय तर नाक कशाला मुरडतोस?"

"मी नाक मुरडतोय? तूच घे म्हणतोय ना मी!"

आता ते औदार्यावरून भांडत होते, आणि ते मघाच्या भांडणापेक्षा जोरात चाललं होतं. वहिनीने घसा साफ केला.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या नव्या दुकानात दुसरं यंत्र कुठे बसवणार?"

"आत. मागच्या बाजूला."

"दारातून जाणार नाही," धाकटी म्हणाली. "मी मोजलंय. भिंत फोडली तर आत जाईल, पण मग वरचा मजला खाली येईल."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. तू पडदे कुठले लावायचे ते विचारत होतास."

"म्हणजे यंत्र नसताना चकत्या घेऊन तू काय करणार होतास?" थोरल्याने विचारलं. त्याला हसू आवरत नव्हतं. "भिंतीला लावणार होतास?"

"आणि तुम्ही आखूड चकत्या देऊन टाकल्यावर," वहिनी नवऱ्याकडे वळली, "नळी मागायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला दोरी कापून देणार होता?"

थोरल्याचं हसू जागच्या जागी विझलं.

"म्हणून आम्ही ठरवलंय," वहिनी म्हणाली. 'आम्ही' हा शब्द ऐकून दोघे भाऊ एकदम सावध झाले. "चकत्या सगळ्या इथेच राहतील. यंत्रही इथेच. पास्ता इथे होईल, भाऊजींच्या दुकानात शिजेल. ते खिमा करतील, हिरवी चटणी तुम्ही रोज सकाळी इथून करून पाठवाल. धाकटी इथे यंत्रावर."

"मी लिफ्टचं सोडतेय," धाकटी म्हणाली. "त्या यंत्राच्या दट्ट्याला दादांनी चिंधी बांधून ठेवलीये. चिंधी! मला ते बघून झोप येत नाही. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं शिव्या देतात. हे बिचारं नुसतं गळतं."

थोरला यंत्राकडे बघायला लागला, मग धाकटीकडे. यंत्राबद्दल कुणी 'बिचारं' म्हटलेलं त्याने पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो विरघळत चाललाय हे दंतवैद्याला दिसत होतं.

"ठीक आहे," थोरला म्हणाला. "बरं आहे. पण भाऊच्या दुकानात काउंटरला कोण?"

"मी," वहिनी म्हणाली.

वाळवणीच्या खोलीत एक दोरी काठीवरून मोडून पडली, तिचा आवाज सगळ्यांना आला.

"तू?"

"मी."

"आणि इथे?"

"इथे तुम्ही."

थोरल्याने चष्मा काढला. वहिनीने या वेळी तांब्या हलवला नाही.

"लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून मी त्या काउंटरमागे उभी आहे," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "समोर काय आहे? गोदामाची भिंत. तिच्यावरचे ओघळ मला पाठ आहेत. पावसाळ्यात एक नवीन ओघळ येतो तर मी तो धाकट्या बहिणीला फोन करून सांगते. भाऊजींच्या दुकानासमोर बसथांबा आहे. माणसं चढतात, उतरतात, भांडतात, कुणी कुणाला सोडायला येतं आणि रडतं. मला ते बघायचंय. हातपाय धड आहेत तोवर बघायचंय."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तुम्ही पीठ मळत होतात."

"पीठ मळताना मला ऐकू येत नाही."

"ते मला नंतर कळलं."

थोरला उभा होता तो बसला. त्याने चादरीची एक सुरकुती बोटाने सरळ केली, ती पुन्हा पडली, पुन्हा सरळ केली. धाकटा काहीतरी बोलायला गेला, तर ताईने त्याच्या पायावर पाय दिला.

"संध्याकाळी," थोरल्याने शेवटी विचारलं, "घरी येशील ना?"

"अहो, मी दुकान बदलतेय," वहिनी म्हणाली, "नवरा नाही."

पहिली हसली ती आई. मग धाकटी, मग ताई. दंतवैद्याला हसायला तोंड उघडता येईना, म्हणून तो नुसता हलत राहिला. थोरला सगळ्यात शेवटी हसला, पण हसला. आईने चकत्या एकेक करून पेटीत परत ठेवायला घेतल्या.

"आई, अप्पांना हे चाललं असतं का गं?" धाकट्याने विचारलं.

"अप्पांना काहीच चालायचं नाही," आई म्हणाली. "तरी सगळं चाललंच की."

उरलेल्या फिती आणि खिमा मधे आणला गेला. सगळे एकदमच हात मारू लागले. तेवढ्यात पुढच्या दुकानाच्या दारावर कुणीतरी टकटक केली. रविवार असो, पाटी उलटी असो, एखादं गिऱ्हाईक आत उजेड बघून यायचंच.

सवयीने सगळ्यांची तोंडं वहिनीकडे वळली. वहिनीने काट्याला एक रुंद फीत गुंडाळली, अगदी सावकाश, शेवटच्या टोकापर्यंत, आणि तोंडात घातली.

पुन्हा टकटक झाली.

थोरल्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग तो उठला, सदऱ्याला हात पुसले आणि पडदा सारून दुकानात गेला. कडी काढल्याचा आवाज आला. एका बाईने नळ्या आहेत का विचारलं. बराच वेळ खडखड ऐकू आली. एक खण उघडला, तो बंद झाला, दुसरा उघडला. काहीतरी पडलं. मग पडद्यातून थोरल्याचं डोकं आत आलं. केस विस्कटलेले, कपाळावर पीठ.

"अगं," तो कुजबुजला, "कागदी पिशव्या कुठे असतात?"

"सगळ्यात खालच्या खणात. दोऱ्याच्या रिळामागे."

डोकं नाहीसं झालं. आणि लगेच परत आलं.

"आणखी काही?"

"हसायचं."

"कुठे?"

"गिऱ्हाइकाकडे बघून."

डोकं पुन्हा गेलं. टेबलावर कुणी चावेना. सगळे कान देऊन बसले होते. पिशवीचा चुरचुर आवाज आला, नळ्या ओतल्याचा आला, आणि मग क्षणभर काहीच नाही. तेवढ्या वेळात थोरला नक्कीच हसला असणार, कारण त्यानंतर त्या बाईचा काळजीने भरलेला आवाज पडद्यामागून स्पष्ट आला:

"अहो, बसता का जरा? पाणी आणू का कुठून?"